झाकणाच्या आतली खूण

खरं तर ट्रेंट किफर हे लिहिणारच नव्हता. दोनदा बसला, दोनदा पुसून टाकलं. कारण या गोष्टीत तो स्वतः मठ्ठ दिसतो आणि त्याच्या मैत्रिणीचा राग चव्हाट्यावर येतो. शेवटी म्हणाला, दिसू दे.

शेल्बी हॉस्टेटर इडाबाईंच्या ऑफिसात आली, पण खुर्चीवर टेकली नाही. इडा ऑल्डरफर म्हणजे लँकेस्टर शहरातल्या खाजगी तपासनीस. ट्रेंट त्यांच्याकडे कामाला. शेल्बी त्याची शाळेपासूनची मैत्रीण, म्हणून त्यानेच तिला आणलेलं.

"मला लँडिसला मातीत घालायचंय," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. त्याने बाबांना घातलं तसं."

हकीकत अशी. शेल्बीचे वडील ऑरिन घड्याळजी होते. २००९ साली रॉइस लँडिस या जुन्या घड्याळांच्या व्यापाऱ्याने स्वतःचं साठच्या दशकातलं ऑटोमॅटिक घड्याळ त्यांच्या दुकानात साफसफाईला टाकलं. परत आलं तेव्हा, जुन्या घड्याळाची खरी किंमत जिच्यात असते ती अस्सल काळी तबकडी गायब, तिच्या जागी नवी छापलेली. लँडिसने घड्याळबाजाराच्या भर हॉलमध्ये ऑरिनना चोर म्हटलं. ते एवढंच सांगत राहिले, की हे घड्याळ माझ्या टेबलावर आलंच नाही. कोण ऐकतो? दुकान बसलं, आणि दोन वर्षांत माणूसही गेला.

आता पंधरा वर्षांनी लँडिसने तेच घड्याळ विकायला काढलं होतं. घड्याळजींची एक रीत असते. झाकण उघडून काम केलं, की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली अक्षरं आणि साल कोरायचं. शेल्बीने महिनाभर आधीच बाजाराच्या पत्रकात छापून टाकलं, की मी गिऱ्हाईक म्हणून येणार आणि झाकण उघडायला लावणार. बाबांची खूण नसली, तर लँडिस खोटा.

"आणि असली तर?" इडाबाईंनी विचारलं.

"नसणार."

शनिवारी फायर स्टेशनच्या हॉलमध्ये बाजार भरला. लँडिस टेबलामागे चिकन-मक्याचं सूप पीत होता. पीत कसला, हात इतका थरथरत होता, की निम्मं शर्टावरच.

"हात गेले माझे," तो म्हणाला. "जीभ शाबूत आहे."

"तीच आधी जायला हवी होती," शेल्बी म्हणाली.

इडाबाईंनी घड्याळ कानाशी धरून हलवलं. आत खरखर. ऑटोमॅटिकच्या पोटात एक अर्धगोल वजन असतं. हात हलला की ते फिरतं आणि त्यावरच चावी भरते. ते वजन झिजून झाकणाला घासत होतं. ट्रेंटने विचारलं, बिघडलंय का. लँडिस म्हणाला, म्हातारं झालंय. २०१४ला यॉर्कच्या एका कारागिराने नीट केलं होतं, वर्षभरात परत घासायला लागलं. तरी त्याने ते रोज घातलं. मागच्या आठवड्यात काच बदलायला घड्याळजी ग्लेनकडे दिलं, तेव्हा कुठे हातातून उतरलं.

"आत कधी बघितलंत?" इडाबाईंनी विचारलं.

"गरज काय? मला माहीतच होतं."

ग्लेन झूक शेजारच्याच टेबलावर होता. पूर्वी ऑरिनच्या दुकानात गिऱ्हाइकांकडून घड्याळं घ्यायचा, कामही तिथेच शिकला. शेल्बी त्याला ग्लेनकाका म्हणायची. ऑरिनच्या शवपेटीला त्याने खांदा दिला होता. इडाबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, काच पुढून बसते, झाकणाला मी हातही लावला नाही.

"पोरी, उघडू नकोस," तो शेल्बीला हळूच म्हणाला. "झोपू दे तुझ्या बाबांना."

"उघडा."

ग्लेनने झाकण उघडायची किल्ली लावली. झाकण अर्ध्या वळशात सुटलं. कडेचं रबरी कडं तेलाने ओलं, मऊ होतं.

इडाबाईंनी भिंग लावलं, मग ते ट्रेंटला दिलं. आत तीन खुणा, एकाखाली एक. वरची ८७ची, निम्मी उडालेली. खालची यॉर्कवाल्याची, १४ची, तीही पुसट. आणि मधे, तांदळाच्या दाण्याएवढ्या सरळ, स्वच्छ अक्षरात: ओ. एच. ०९. ऑरिन हॉस्टेटर, २००९. कडेची जागा सगळी रिकामी.

शेल्बीचा चेहरा पांढरा पडला.

"पंधरा वर्षं सांगतोय मी," लँडिस म्हणाला. तिने हात उगारला, तो ट्रेंटने वरच्या वर धरला. संपलं सगळं, असं वाटून तो इडाबाईंना म्हणाला, चला, निघू या.

"निघतोस कुठे? दोन खुणा वाचल्यास, तिसरी नुसती पाहिलीस."

त्यांनी आजूबाजूच्या टेबलवाल्यांना जवळ बोलावलं.

"२०१४ची खूण घासून पुसट झालीय. मग त्याच्या पाच वर्षं आधीची कोरी करकरीत कशी? वजन काही साल बघून घासत नाही. मधली खूण घड्याळ हातातून उतरल्यावर कोरलीय. म्हणजे मागच्या आठवड्यात."

"म्हणजे ह्यानेच," शेल्बी लँडिसकडे वळली.

"ह्यांना चमचा धरवत नाही, ते तांदळाएवढी अक्षरं कोरतील? आणि झाकण दहा वर्षं बंद असतं, तर रबर दगड झालं असतं, उघडताना घाम फुटला असता. हे अर्ध्या वळशात सुटलं, वर ताजं तेल. आठवडाभर घड्याळ कोणाकडे होतं? झाकणाला हात लावला नाही, असं कोण म्हणालं?"

ग्लेन फडक्याला हात पुसत राहिला.

"दुकानात हे घड्याळ तूच घेतलंस," इडाबाई म्हणाल्या. "ऑरिनना न दाखवता घरी नेलंस आणि तबकडी बदललीस. आत त्यांची खूण नव्हतीच. पत्रक वाचून तुझं धाबं दणाणलं. कडेला कोरलं असतंस, तर वजन तिथे पोचत नाही, मीही हात टेकले असते. पण घड्याळजी पडलास. सालं क्रमानेच लावायची, ही सवय सुटेना."

ग्लेनने फडकं घडी करून टेबलावर ठेवलं.

"विकली नाही मी ती," ग्लेन शेवटी म्हणाला. "घरी आहे. तसलं काळं परत कुठे बघायला मिळतं?"

"माझ्या बाबांना खांदा दिलास तू," शेल्बी म्हणाली. आवाज चढला नव्हता. ट्रेंटला तोच जास्त भीतीदायक वाटला.

लँडिसने टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की ऑरिन हॉस्टेटर चोर नव्हता, मी आंधळा होतो. मग झाकण शेल्बीपुढे धरलं. तिने ते घेतलं.

"माफी थडग्यावर जाऊन मागा. माझ्याकडे नको."

बाहेर गाडीपाशी इडाबाई म्हणाल्या, पोलिसांचं मी बघते, तू आता घरी जा.

"घरी?" शेल्बीने मूठ आवळली. "ग्लेन जिथे जिथे टेबल मांडेल, तिथे मी समोर उभी राहून हे झाकण दाखवणार. हॅरिसबर्ग, ॲलनटाउन, कुठेही. याच्या टेबलाशी एक माणूस थांबेनासा होईपर्यंत. बाबांच्या टेबलाशी कोणी थांबलं नव्हतं." ती ट्रेंटकडे वळली. "तू मला समजावणार असशील, तर आत्ताच समजाव."

ट्रेंटने इडाबाईंकडे पाहिलं. त्या मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या.

"नाही समजावणार," तो म्हणाला. "गाडी मी चालवीन. दर वेळी. शब्द दिला."