लुसियाचे एकोणीस दिवस

"आब्रे ला बोका, मि आमोर..."

कारंजाच्या बसस्टँडवर शेजारी बसलेल्या तरुणाचा समोसा हातातच राहिला. कानात इयरफोन, डोळे मिटलेले... ही मुलगी तिसऱ्यांदा तेच म्हणत होती. तेही इतक्या लाडानं!

"मले म्हणून राह्यल्या का तुमी?" शेवटी त्यानं विचारलंच.

वर्षाराणीनं दचकून डोळे उघडले. कानाच्या पाळ्या तापल्या तिच्या. "नाई हो! स्पॅनिश शिकून राह्यली मी. लेकराले भरवताना म्हणाचं असते... तोंड उघड, सोन्या."

"असं का?" म्हणत त्यानं निमूटपणे तोंड उघडलं.

ती हसली. शेलूबाजारची बस लागली, दोघं चढले, तरी तिचं हसू काही आवरेना.

अंकुर त्याचं नाव. कारंजात बी-बियाण्याच्या दुकानात कामाला. वर्षाराणी तिथल्याच एका दवाखान्यात नर्स होती, कुपोषित लेकरांच्या वॉर्डात. एका संस्थेनं तिला सहा महिन्यांसाठी ग्वाटेमालाला पाठवायचं ठरवलं होतं, तिथल्या मुलांच्या पोषण रुग्णालयात सेवेला. अट एकच. त्याआधी स्पॅनिशची परीक्षा पास व्हायची.

मग रोज संध्याकाळच्या बसमध्ये अंकुर तिची वही घेऊन बसू लागला. "भूक?" "आंब्रे." "दूध?" "लेचे." दोन महिन्यांत तोही अर्धी वही शिकला. तुमीचं तू कधी झालं ते कंडक्टरलासुद्धा कळलं नाही.

"एस्पेरार?" एकदा त्यानं विचारलं.

"वाट पाहणं... अन् आशा करणं. दोनीले एकच शब्द हाय त्याइच्याकडं."

"मंग मी एस्पेरार करतो," तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला. "तू जाऊन येजो."

वहीखालचा त्याचा हात तिनं थांब्यापर्यंत सोडला नाही.

दौलतराव, तिचे वडील, आधी तिला पाठवायला तयारच नव्हते. अंकुर त्यांच्या भाजीच्या वावरात गेला, मिरच्या तोडता तोडता तासभर बोलला अन् त्यांना राजी करून आला. ती परतली की साखरपुडा, असंही ठरलं.

परीक्षा पास होऊन ती ग्वाटेमालाला गेली. पहिले चार महिने छान गेले. तिची तिकडची रात्र म्हणजे त्याची दुकान उघडायची वेळ. रोज फोन व्हायचा. तिच्या बोलण्यात एकच नाव यायचं, लुसिया. अडीच वर्षांची, वजन सहा किलो. बाकी कुणी चमचा पुढं केला की मान फिरवायची. वर्षाराणीच्या हातून मात्र दोन घास घ्यायची.

पाचव्या महिन्यात एका फोनवर अंकुरचा आवाज बदललेला होता.

"पंधरा दिवसांत ये, राणी. आई आयकत नाई. लोक काईबाई बोलून राह्यले, तरणी पोरगी एकटी परदेशात... आता नाई आली तर दुसरीकडं ठरवतो म्हणते."

"दीड महिनाच राह्यला, अंकुर. लुसियाले सोडून कशी येऊ? ते जेवणारच नाई."

"तिथं दुसऱ्या नर्सा नाईत का?"

"हायेत... पण ती त्याइच्या हातून खात नाई."

"अन् माह्यं काय?"

उत्तराची वाट न पाहता अंकुरनं फोन ठेवला.

त्यानंतर एकोणीस दिवस वर्षाराणी त्या खाटेजवळच होती. चमच्या-चमच्यानं वजन सव्वासहापर्यंत चढलं. मग न्यूमोनिया झाला. लुसिया तिच्या मांडीवरच गेली, तिचं बोट मुठीत धरून. वर्षाराणीनं अंकुरला तीन ओळी लिहिल्या. तो मेसेज त्यानं वाचला, पण उत्तर आलं नाही. ती मात्र ठरलेल्या दिवसापर्यंत बाकीच्या लेकरांना भरवत राहिली.

ती परतली तेव्हा अंकुरची दुसऱ्या मुलीशी सुपारी फुटली होती. पंधरा दिवसांनी शेलूबाजारच्या रसवंतीवर तो भेटायला आला. वाळला होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"एकदा हो म्हण," तो हळूच म्हणाला. "ठरलेलं लग्न अजूनही मोडतो मी. आईचं पाहून घेईन."

किती दिवस हेच ऐकायचं होतं तिला! ती हो म्हणणारच होती...

"एकच गोष्ट समजत नाई मले," तो ग्लासाकडं पाहत म्हणाला. "ते पोट्टी तर वाचलीच नाई शेवटी. मंग थांबून काय भेटलं तुले? आली असती, तर आज आपलं सारं..."

पुढचे शब्द तिला ऐकूच आले नाहीत. तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो वाईट नव्हता. खरंच विचारत होता, अगदी मनापासून, आणि तेच जास्त लागलं.

"ते गेली तवा एकटी नव्हती, अंकुर."

"म्हणजे?"

त्याला खरंच कळलं नव्हतं. आणखी काही सांगावं, समजावावं, म्हणून तिनं शब्द शोधले. वऱ्हाडीत, मराठीत, स्पॅनिशमध्येही. एकही सापडला नाही.

"लग्न कर तू," ती म्हणाली. "सुपारी फुटली त्या पोरीचा काय दोष त्याच्यात?"

"राणी..."

समोर कारंजाची जीप भरत आली होती, ड्रायव्हर एका सवारीसाठी ओरडत होता. दोनची ड्युटी होती तिची. ती उठली, बायांनी सरकून केलेल्या जागेत अंग चोरून बसली. तो जीपची दांडी धरून उभा होता. तिनं त्या हातावर क्षणभर आपला हात ठेवला, मग हळूच त्याची बोटं दांडीवरून सोडवली.

"चला भाऊ," ती ड्रायव्हरला म्हणाली.