उजवीकडून डावीकडे

अफझलगंजच्या वाचनालयात शेजारच्या खुर्चीवरून कुणीतरी हळूच विचारलं, "कशीद करण्याला इंग्रजीत काय म्हणतात हो?"

मी वळून पाहिलं. एक तरुण; पुढ्यात रसायनशास्त्राचं जाड उर्दू पुस्तक, बोटांवर आयोडीनचे डाग.

"डिस्टिलेशन," मी म्हणाले. ते इतक्या आनंदानं हसले, की मी वाचत असलेली ओळ हरवली.

ते दौलत, मूळचे नांदेडचे. ते बी.एस्सी. झाले तेव्हा, निजामाच्या राजवटीत, इथल्या विद्यापीठात सारं उर्दूतून चालायचं. मी पुढं तिथंच इंग्रजीतून शिकले. आता रंग बनवणारी एक विलायती कंपनी लंडनच्या कारखान्यासाठी माणसं निवडणार होती. मुलाखत सिकंदराबादला, इंग्रजीत. रसायन त्यांना छान येत होतं, ते सांगायला शब्द नव्हते.

मग रोज संध्याकाळी नदीकडच्या बाकावर शिकवणी सुरू झाली. ते मला मुद्दाम 'बाई' म्हणायचे. मी रागावले की त्यांच्या चुका वाढायच्या. हे मुद्दाम करता का, असं विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "हौ."

मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्यांनी साहेबांसाठी केलेला तापमानाचा तक्ता दाखवला. शब्द इंग्रजी, पण सवय उर्दूची - पहिला आकडा उजवीकडे, शेवटचा डावीकडे. साहेब डावीकडून वाचणार. त्यांना वाटणार, तापवता तापवता द्रव थंडच होत गेला.

मी गप्प राहिले असते, तर ते हैदराबादेतच राहिले असते...

"तक्ता उलटा झालाय," मी म्हणाले.

त्यांनी तक्त्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"बाई, हे सांगितलं नसतं, तर मी कुठं जात नव्हतो."

"माहीत आहे."

"मग कायको सांगितलं?"

"तापवल्यावर... थंड कसं होईल?" एवढंच मला सुचलं.

दोन दिवसांनी ते वाचनालयात आले, ते धावतच. निवड झाली होती. मी अभिनंदन केलं, नीट, इंग्रजीत. ते मात्र खुर्चीची पाठ धरून उभेच.

"साहेबांनी शेवटी विचारलं, एकटेच येणार का. मी म्हणालो, नाही."

"कुणाला विचारून म्हणालात?"

"आता विचारतोय."

हैदराबाद राज्याची भाषेवार वाटणी होणार म्हणून बाबांची कचेरी औरंगाबादला निघाली होती. घरात खोकीच खोकी.

"रविवारी घरी या," मी म्हणाले. "सामान बांधायला माणूस हवाच आहे. बाबांशी बोलणंही होईल."