झाकणावरचे एकोणीस

“बकुळे, हरलो आम्ही! ये बाहेर!” अंबिका ओरडली.

संचारबंदीमुळे शाळा बंद होत्या, म्हणून डिलाईल रोडच्या चाळीत लपाछपी चालली होती. पण अंबिकेची चार वर्षांची बहीण काही सापडेना. इतक्यात शामराव मास्तरांच्या खोलीतून दबकं रडणं आलं. लोखंडी पेटीतून!

“अरे देवा!” मास्तरांचा पुतण्या वसंत पांढराफटक पडला. “शिपायांची शिट्टी ऐकली, उघड्या पेटीत पत्रकं कोंबली आणि कुलूप दाबलं मी! आत बघितलंच नाही!”

कुलूप पाच आकड्यांचं. आकडे ठाऊक फक्त मास्तरांना, आणि ते संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडले गेलेले! वसंतने वरवंटा हाणला. कुलूप ढिम्म! खाली बूट वाजले, तसा त्याचा हात थिजला.

मास्तरांची रीत मात्र पोरांना पाठ होती. एक, एक, दोन, तीन, पाच, आठ... मागच्या दोन मिळवून पुढची संख्या. कितवी घ्यायची ते झाकणावर खडूने लिहिलेलं. तिचे मूळ अवयव ओळीने लावले, की आतल्या लिमलेटच्या गोळ्या आपल्या! आज झाकणावर होते १९.

शेजारच्या जगदीशने भराभर बेरजा केल्या. “चार हजार एकशे एक्क्याऐंशी! आणि ती मूळ संख्याच! क्रमांक मूळ, की संख्याही मूळ. सातवी तेरा, अकरावी एकोणनव्वद, सतरावीसुद्धा मूळ. मग एकोणिसावीही असणारच!”

त्याने शून्य, चार, एक, आठ, एक लावले. कुलूप उघडलं नाही.

आणि आतलं रडणं थांबलं.

“बकुळे! बोल ना गं!” भीतीने अंबिकेला रडू फुटलं, तरी तिने खडू उचलला. “असणारच काय रे? भागून बघितलंस? एकोणीसने एक उरतो... तेवीसने नाही... एकोणतीसने पाच... एकतीस नाही... सदतीस! सदतीस गुणिले एकशे तेरा!”

तीन, सात, एक, एक, तीन. खट्!

पत्रकांच्या ढिगाखालून बकुळा निघाली. घामाने चिंब, डोळे मिटलेले. वसंतने तिला खिडकीशी नेलं. दोन क्षण काहीच नाही. मग तिने असं भोकाड पसरलं, की सगळ्या चाळीचा जीव भांड्यात पडला!

आठवड्याने मास्तर सुटून आले. सगळं ऐकून ते मटकन बसले.

“शाबास, अंबिके! तुला शंभरपैकी शंभर. वसंताला शून्य, आणि मलाही.” त्यांनी कुलूप पेटीवरून कायमचं काढलं.

“मास्तर, तेविसावी तरी मूळ असेल ना?” जगदीशने हळूच विचारलं.

“भागून बघ!” अंबिका म्हणाली. बकुळेचा हात तिने अजून सोडला नव्हता.