क्लेच्या तबकडीतली कोरी जागा

दिवा राहू दे तसाच, बारीक. ही आमच्या वर्जिलची गोष्ट, गावच्या रेडिओवरच्या निवेदकाची. वर्जिलला मी पन्नास वर्षं ओळखतो. थापा मारायचा तो, नाही असं नाही, पण त्या फक्त माइकसमोर.

चौदा नोव्हेंबर, गुरुवार, रात्रीचे सव्वानऊ. गावचं रेडिओ स्टेशन विकलं गेलं होतं. नव्या मालकाचा निरोप होता, जुन्या तबकड्या उद्यापर्यंत उचला, नाहीतर कचऱ्यात जातील. वर्जिल थर्मासभर कॉफी घेऊन गेला आणि निवांत खोकी भरत बसला. भरता भरता क्लेच्या मुलाखतीची तबकडी हाताला लागली. बाकीची खोकी त्याने तशीच सोडली.

तुम्हा पोरांना ही भानगड ठाऊक नसणार. क्ले आमच्याच गावचा, पुढे देशभर गाजलेला रॉक गायक. अशा बड्या माणसांना गावोगावच्या स्टेशनांवर यायला वेळ कुठला? मग कंपनी त्यांची नुसती उत्तरं तबकडीत भरून पाठवायची. प्रत्येक उत्तराआधी जागा कोरी, सोबत प्रश्नांचा कागद. निवेदकाने त्या जागेत प्रश्न वाचायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, क्ले समोरच बसलाय.

एकोणऐंशी साली वर्जिलला चेष्टा सुचली. कागदावर प्रश्न होता, वाद्यं वाहायचा तो जुना ट्रक आठवतो का? यानं विचारलं, "तुझा पहिला ड्रमवाला, आमचा डॉयल, आठवतो का रे?"

"छे! रोजचं रडगाणं त्याचं. सुटलो एकदाचा," क्ले हसत म्हणाला.

सगळं गाव ऐकत होतं. गॅरेजात गाडीखाली पडलेला डॉयलही ऐकत होता. क्ले एक दिवस बोलावेल, म्हणून त्याने अजून ड्रम विकले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून लोक त्याला 'काय रडगाणं, बरं आहे ना?' म्हणून हाक मारू लागले. वर्जिलने मनाशी ठरवलं, सोमवारी जाऊन खरं सांगायचं. रविवारी डॉयल नदीत सापडला. पाय घसरला की काय, देव जाणे. मग वर्जिलने कुणाजवळ तोंड उघडलं नाही. पंचेचाळीस वर्षं मनात कुढत राहिला, बिचारा... बिचारा कसला म्हणा.

त्या रात्री त्याने ठरवलं, एकदा तरी खरा प्रश्न विचारायचा. माइक बंद, ऐकायला कुणी नाही. त्याने सुई ठेवली. कोरी जागा आली.

पण 'ट्रक' हा शब्द तोंडातून निघेना.

"डॉयल... प्रश्न ट्रकचा होता रे. तुझं नाव मी घातलं. मला माफ करशील?"

आता 'छे!' येणार. ऐकून घ्यायचं. आपली तीच लायकी. त्याने डोळे मिटले.

काही नाही.

तबकडी फिरतेय. खोली गार पडत चाललेली... शेजारच्या खुर्चीत कुणीतरी श्वास रोखून बसलेलं... वर्जिलने वळून पाहिलं नाही. धीरच झाला नाही.

बऱ्याच वेळाने क्ले बोलला. पुढच्याच प्रश्नाचं उत्तर, आईच्या हातच्या ॲपल पायबद्दल, जसं मधे काही घडलंच नाही.

पहाटे वर्जिल माझ्या दारात उभा. सगळं सांगितलं, घरात ठेववत नाही म्हणाला, आणि तबकडी देऊन गेला. मी लावून पाहिली. त्या कोऱ्या जागेत आता वर्जिल आहे, आजचा म्हातारा वर्जिल, कापऱ्या आवाजात माफी मागतोय. तिथे आवाज भरायचं कुठलंही यंत्र नव्हतं. आणि त्यापुढे, क्लेच्या त्या 'छे!'च्या जागी, तबकडीवर रेघाच नाहीत. हे घे, बोट फिरवून बघ. गुळगुळीत आहे.