तेविसाव्या विमानाची काच

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली तेव्हा माझ्या हातात अकरा जणांचे दात होते.

प्लास्टरचे हो. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर त्यांच्या पेशंटच्या दातांची मापं पाठवतात, आणि आम्ही त्यांवरून कवळ्या, कॅप आणि दात सरळ ठेवणारे ते पारदर्शक रिटेनर बनवतो. त्या दिवशी रिटेनर चढवलेल्या दातांचा ट्रे घेऊन खाली निघाले होते आणि वीस मिनिटं तशीच लटकत राहिले. शेवटी वरून दार अर्धं सरकलं. आधी टॉर्च आत आला, मग एक चेहरा. अशा वेळी माणसं ‘ठीक आहात ना’ असं विचारतात. यानं टॉर्च माझ्यावर नाही, ट्रेवर धरला.

“हे... हे तुम्ही कशावर करता?”

“आधी मला बाहेर काढता का?” मी म्हटलं.

तो कानापर्यंत लाल झाला. पण तरी त्यानं आधी ट्रेच घेतला. दोन्ही हातांनी, एकही दात हलू न देता. मग मला हात दिला. खरं तर मला राग यायला हवा होता. पण इतकी वर्षं मी तो ट्रे उचलतेय, आणि माझ्याशिवाय कुणी तो असा धरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. राग जरा लांबच राहिला.

जिन्याच्या पायरीवर बसून मी पाणी पीत होते तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. हा भाग त्याचा नाही, इकडचा माणूस रजेवर म्हणून एक दिवसाची बदली. आणि सुट्टीच्या दिवशी तो विमानं बनवतो. युद्धाच्या काळातली जपानी विमानं, वीतभर लांबीची. तीही डब्यात सगळे भाग सुटे मिळतात तसली सोपी नाहीत. याच्या डब्यात असतो पांढऱ्या प्लास्टिकचा एक पातळ पत्रा. साच्यावर तापवून, हवा ओढून त्यात विमान उठवलेलं असतं. अर्धं पोट इकडे, अर्धं पोट तिकडे, पंख, शेपटी. प्रत्येक भागाभोवती पेन्सिलनं रेघ मारायची, रेघेच्या बाहेरून कापायचं, आणि मग रेघ जेमतेम पुसेपर्यंत पॉलिश पेपरवर घासायचं. त्याहून जास्त घासलं की पोटाचे दोन भाग जुळत नाहीत आणि महिन्याचं काम गेलं.

“आणि हे सगळं कशासाठी?” मी विचारलं.

“होतं म्हणून,” तो म्हणाला. “हळूहळू होतं... पण होतं.”

या वेळचं विमान होतं शिरागिकू. म्हणजे पांढरी शेवंती, त्यानंच सांगितलं. लढाऊ नव्हे, शिकाऊ मुलांचं विमान. किट जुनं होतं आणि त्यातली कॉकपिटची काच, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचं लांबट झाकण, पिवळी पडून हात लावताच तडकली होती. घरी गॅसवर प्लास्टिक तापवून त्यानं नवी करून पाहिली. काच झाली नाही, पण आईनं स्वयंपाकघरात पाऊल टाकायला बंदी केली. आणि आता त्याच्यासमोर माझा ट्रे होता. त्यातलं ते स्वच्छ, पातळ, दातान् दात धरून बसलेलं प्लास्टिक.

“साचा आणा, करून देते,” मी म्हणून गेले. का म्हणाले, देव जाणे. तेव्हा तो हसला, आणि मला त्याचा खालचा समोरचा दात दिसला. शेजारच्याच्या खांद्यावर किंचित रेललेला. माणूस भेटला की मी आधी दातच बघते, धंद्याची सवय. सहा महिन्यांत सरळ करता आला असता. मला तो तसाच बरा वाटला.

दोन दिवसांनी तो साचा घेऊन आला. लाकडाचा, बोटभर लांब, असा गुळगुळीत की मी दोनदा हात फिरवला. आमचं मशीन साधं आहे. वर हीटर, मध्ये चौकट, खाली जाळी. चौकटीत पारदर्शक शीट अडकवायची. तापून ती मधोमध लोंबायला लागली की चौकट झपकन साच्यावर दाबायची. खालून हवा ओढली जाते आणि प्लास्टिक साच्याला घट्ट बिलगतं. तो श्वास रोखून बघत होता. मी सवयीनं एक मिलिमीटरची शीट लावली, रिटेनरला लागते तीच. काच छान उठली. पण विमानावर ठेवली तर दोन्ही बाजूंनी बाहेर आली.

“जाडी,” तो कपाळावर हात मारून म्हणाला. “साचा जाडी धरून बारीक करायचा असतो. मी नेमक्या मापाचा केला. विसरलो.”

नवशिका दिसतोय, असं मला वाटलं आणि दयाही आली. आम्ही ठरवलं की तो साचा दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा मिलिमीटर घासून आणेल आणि मी अर्ध्या मिलिमीटरची शीट लावेन. हिशेब चोख होता.

पुढच्या आठवड्यात तो आला, तेव्हा अर्ध्या मिलिमीटरच्या शीटचा खोका माझ्या डोळ्यांसमोर होता. साचा त्यानं बरोब्बर घासला होता. हे झालं की काच बसणार, तो ‘आभारी आहे’ म्हणणार आणि आपल्या भागातल्या लिफ्टकडे निघून जाणार. पहिल्या खेपेला मशीन तापेपर्यंतच्या दोन मिनिटांत त्यानं मला सांगितलं होतं की शिरागिकू शेवटी शेवटी एकेरी, आत्मघातकी मोहिमांवर पाठवली, शिकणाऱ्या पोरांसकट. म्हणून तो ते केशरी रंगात करतोय, शिकण्याच्या दिवसांतलं, चाकं खाली असलेलं. “परत उतरणारं,” तो म्हणाला, आणि मग उगाचच साच्यावरची धूळ पुसत बसला.

तर सांगायची गोष्ट अशी, की मी एक मिलिमीटरची शीट लावली.

जाणूनबुजून. नऊ वर्षांच्या नोकरीत मी चुकीची शीट कधी लावली नव्हती. काच पुन्हा मोठी आली. मी चेहरा पाडून ‘अरेरे’ म्हटलं. त्यानं काच उजेडाकडे धरली, कडेवरून बोट फिरवलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “साचाच चुकला असेल. परत घासून आणतो.” माझा जीव भांड्यात पडला. नंतर घरी जाताना अपराधीही वाटलं, पण तितकंसं नाही.

मी भाऊ-वहिनींकडे राहते. वहिनीला काही सांगावं लागत नाही, तिला वास लागतो. भाजी निवडता निवडता तिनं सगळं काढून घेतलं आणि म्हणाली, “दातांच्या मशीनवर विमान, तेही दोनदा चुकतं. कुठेतरी पाणी मुरतंय, बाई.” मी तिच्या हातातली भाजी ओढून घेतली आणि विषय बदलला.

आणि मग सोमवारी सरांनी सांगितलं की नवा डिजिटल प्रिंटर येतोय. दात स्क्रीनवर तयार होणार, रिटेनरसुद्धा नव्या यंत्रावर. जुनं मशीन शनिवारी सकाळी भंगारवाला उचलणार. सगळे खूश झाले. मी मात्र आधी शनिवारपर्यंतचे दिवस मोजले. मशीन गेलं की त्याला या इमारतीत यायचं कारण उरत नव्हतं. आमच्या लिफ्टला तर काही होतच नव्हतं, मेली त्या दिवसापासून अगदी शहाण्यासारखी चालत होती.

मी त्याला निरोप दिला: शुक्रवारी या, शेवटची संधी, शनिवारी मशीन जाणार.

शुक्रवारी तो पाच वाजता आला. बाकीचे निघून गेले होते, खिडकीतून तिरकं ऊन टेबलावर पडलं होतं. मी ठरवूनच टाकलं होतं, आज खरी शीट. त्याचं विमान पुरं व्हायला हवं, माझ्या मनाचं काय ते मी बघेन. अर्ध्या मिलिमीटरची शीट काढून ठेवली. साचा हातात घेतला आणि सवयीनं कॅलिपर लावला. आम्ही कॅपची जाडी मोजतो, तो छोटा चिमटा.

परत मोजलं.

“हा साचा तुम्ही घासलाय?”

“हो... म्हणजे, थोडा.”

“घासला की कमी होतो,” मी म्हटलं. “हा वाढलाय.”

मी साचा उन्हात धरला. दोन्ही बाजूंना पुट्टीचा एक ताजा थर होता. घासून इतका तलम केलेला की डोळ्यांना कळला नसता. तीन-चार तास गेले असतील त्यात. काच बसू नये म्हणून इतकी मेहनत घेणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

“का?” मी विचारलं. आवाज कडक ठेवायचा होता, तो ठेवता आला नाही.

“मागच्या वेळी तुम्ही एक मिलिमीटरची शीट लावलीत,” तो खाली बघत म्हणाला. “कडेवर बोट फिरवलं तेव्हाच कळलं. घरी जाऊन मोजलीसुद्धा. मला वाटलं... तुमची चूक असेल. मग वाटलं, नसेल तर? नसेल तर बरं होईल. आणि तुम्ही एकदा केलंत, तर एकदा मी करावं.”

माझे कान तापले. चोरी दोघांचीही पकडली गेली होती, आणि दोघांपैकी कुणालाच पळायला जागा नव्हती.

“आणि पहिल्या वेळी?” मी विचारलं. “तेव्हाही मुद्दाम?”

“नाही.” त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. “ते खरंच विसरलो. हे माझं तेविसावं विमान आहे. आधीच्या बावीसमध्ये कितीतरी काचा स्वतः साचे करून बनवल्या, जाडी धरायला कधी विसरलो नाही. तुम्हाला लिफ्टमधून काढलं आणि दुसऱ्या दिवशी हा साचा कोरायला बसलो. हात चालत होते, पण मी तिथे नव्हतोच.”

नवशिका म्हणून मी ज्याची कीव केली, तो बावीस विमानं पुरी केलेला माणूस होता, आणि माझ्यापायी पहिल्या धड्याची चूक करून बसला होता. इतकं सुंदर मला कुणी काही म्हटलं नव्हतं.

“मशीन उद्या जाणार आहे,” मी म्हटलं.

“माहीत आहे. म्हणून तर आज सांगितलं... नाहीतर मी अजून दोन थर चढवले असते.”

मी पॉलिश पेपर त्याच्यासमोर ठेवला. तो घासत होता, मी मोजत होते. थोडं अजून. थोडं. बस्स. एकदा आमची बोटं साच्यावर एकत्र आली आणि कुणीच काढली नाहीत, त्यात पाचेक मिनिटं गेली. मग शीट तापली, लोंबली, मी चौकट दाबली. काच उठली. त्यानं कडेनं रेघ मारली, कापली, रेघ पुसेपर्यंत घासली आणि डब्यातून विमान काढून त्यावर ठेवली.

टक् असा बारीक आवाज झाला. काच बसली.

मशीनचा हीटर बंद करताना मी त्याच्या झाकणावर हात ठेवला. नऊ वर्षांत एवढं मोठं काम त्यानं कधी केलं नव्हतं. मागे वळले तर तो विमानाकडे नाही, माझ्याकडे बघत होता. बिचाऱ्या शेवंतीला काच मिळाली होती आणि तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

“मला तुम्ही आवडता,” मीच म्हटलं. “उद्यापासून हे सांगायला मशीन नसेल, म्हणून आज सांगते.”

तो हसला. तोच दात दिसला, शेजारच्याच्या खांद्यावर रेललेला.

कुलूप लावून आम्ही बाहेर आलो. मी लिफ्टचं बटण दाबायला हात पुढे केला, तर त्यानं तो अलगद धरला. सोडला नाही.

“जिन्यानं जाऊ,” तो म्हणाला. “लिफ्टला फक्त अठरा सेकंद लागतात. मी मोजलेत.”

“आणि जिन्याला?”

“ते तू सांग. तुझ्यावर आहे.”

आम्ही चार मजले उतरायला पाऊण तास लावला.