निचऱ्याचा आकडा

"दार वाजवलं तर हात झिजतात का?" शेडमध्ये शिरलेल्या माणसावर मी दचकून ओरडले, आणि वळताना हातातल्या पाइपने त्याचा शर्ट निम्मा भिजवला.

"पत्ता चुकला वाटतं…" तो चेहरा पुसत म्हणाला. खांद्यावर कोकोपीटचं पोतं होतं. "शेजारच्या नर्सरीत द्यायचं होतं." मग माझ्या टोमॅटोंकडे बघून थबकला. "पानं कडांनी करपलीयत. पाणी कधी घालता?"

"वरचा थर वाळला की. आणि आठवड्यातून एकदा खत."

"ते मातीत चालतं. कोकोपीट म्हणजे नारळाचा भुसा, त्यात झाडाला खायला काही नसतं हो. रोज, प्रत्येक पाण्यातून थोडं थोडं खत द्यायचं. सुकू द्यायचंच नाही. आणि घातल्यातलं थोडं पाणी खालून निघालं पाहिजे, नाहीतर क्षार साचतात."

"मी विचारलं होतं तुम्हाला?"

"नाही. पण एवढं भिजवलंत, तर एवढं ऐकून घ्या!"

असा राग आला! कारण तो खरं बोलत होता. चांगली नोकरी सोडून मी बाबांच्या शेडमध्ये हा उद्योग मांडला होता, आणि फुलं धडाधड गळत होती. बाबांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. फळ धरलं तर शेड माझी, नाहीतर दादाच्या गोदामाला. घरात सगळे 'हिचं खूळ' म्हणायचे. पण मी हटणार नव्हते. दुसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून, पोत्यावर छापलेलं नाव शोधत त्याच्या खतांच्या दुकानात गेले आणि पाण्यातलं खत मोजायचं मीटर मागितलं.

मीटर द्यायला तो स्वतःच आला. मग रोजच यायला लागला. कुंडीखालची ताटली उचलायची, तिच्यात निथळलेल्या पाण्यात, म्हणजे निचऱ्यात, मीटर बुडवायचं, क्षारांचा आकडा मला सांगायचा… आणि आकडा सांगताना वहीकडे सोडून माझ्याकडेच बघायचं.

"दुकान कोण बघतं?" मी विचारलं.

"काका. म्हणतात, एकाच गिऱ्हाइकाकडे किती खेपा?"

"मग काय सांगतोस?"

"गिऱ्हाईक अवघड आहे म्हणून सांगतो."

मी ओला हात त्याच्या तोंडावर झटकला. आकडा उतरत होता, फुलं टिकायला लागली होती, आणि सकाळी दाराकडे कान लागायचे. लागायचे, काय करू!

मुदतीला बारा दिवस उरले असताना माझी दाढ ठणकली. "तू डॉक्टरकडे जा, पाणी मी घालतो," तो म्हणाला. परत आले तर पठ्ठ्या दारातच उभा, चेहरा पांढराफटक.

"घोळ घातला मी. टाकीत तू खत आधीच मिसळलं होतंस… मी पुन्हा मिसळलं. शंभर कुंड्यांना गेल्यावर मीटर लावलं."

सांगायचं माझंही राहिलं होतं. तो गप्प बसला असता, तर झाडांनी माना टाकल्यावर मी उन्हालाच दोष दिला असता. हे त्यालाही ठाऊक होतं. तरी तो थांबला होता.

"हाकलून दे मला," तो म्हणाला.

"आधी आकडा खाली आण, मग बघू."

टाकी रिकामी करून आम्ही अगदी पातळ खताचं पाणी बनवलं. एकेका कुंडीला घालायचं, निचरा मोजायचा, पुन्हा घालायचं. कंबर मोडली, दाढ ठणकत राहिली, पण शंभरावी कुंडी होईपर्यंत मी उठले नाही. तोही नाही. मीटर देताघेता बोटं लागायची आणि दोघंही उगाच आकडा पुन्हा वाचायचो.

दुसऱ्या दिवसापासून मात्र तो आलाच नाही. घातलेल्या घोळाची लाज वाटत असणार, आणि मला झाडं सोडून हलता येत नव्हतं.

महिनाअखेरीला बाबा आले. वाकून, चष्मा सावरून, पानांआडची वाटाण्याएवढी हिरवी फळं बघत राहिले. "दादाला सांगतो, दुसरी जागा बघ," एवढंच म्हणाले. मग जरा थांबून, "तो पोतंवाला दिसत नाही हल्ली?"

मी चप्पल अडकवली आणि थेट दुकान गाठलं.

तो पोतं उचलत होता. मला बघून तसाच थिजला. "झाडं…?"

"फळ धरलंय. शेड माझी झाली."

"मग… काय देऊ? कोकोपीटच्या विटा? खत?"

"काही नको. तू आवडतोस मला. चूक झाल्यावर माझ्यासमोर उभा राहिलास, तेव्हापासून तर फारच. मला तुझ्याबरोबर राहायचंय, आयुष्यभर. आता बोल."

"बोलायला तू काही ठेवलंयस का?"

"तरी बोल. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

काकांनी वजनकाटा सोडून मान वर केली. तीन गिऱ्हाइकं वळली. त्याने पोतं खाली ठेवलं, हात शर्टाला पुसले, आणि शेवटच्या गिऱ्हाइकालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं.