डावीकडची पट्टी

राहात्यात आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत खिडकीशी कॉम्प्युटर होता. नवरा चेतन शाळेत गणित शिकवायचा, मी घरी बसून प्रोग्राम लिहायचे. गावच्या वाचनालयात कुणी कुठलं पुस्तक नेलं, ते कधी परत यायचं, हे दाखवणारा प्रोग्राम माझाच होता. त्यात साल दोनच आकड्यांत ठेवलेलं, त्यामुळे २००० लागताच सगळ्या तारखा कोलमडणार होत्या. ते डिसेंबरात निस्तरायचं होतं.

मी ज्या एडिटरमध्ये लिहायचे, त्याला चेतनने मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून एक जोड, म्हणजे छोटासा पूरक प्रोग्राम, बसवून दिली. तिने डावीकडे फायलींची पट्टी यायची. एखादी फाईल उघडली, की पट्टी आपोआप तिच्या फोल्डरवर जायची. मोठी सोय झाली. दुपारी रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात, जाळीतून ऊन कीबोर्डवर पडे, आणि मी एकटी लिहीत बसे. सुखात होते मी.

मग पट्टी भलतीकडे जाऊ लागली. वाचनालयाची फाईल उघडली की ती 'नंतर' नावाच्या फोल्डरवर जाऊन थांबायची. असा फोल्डर मी केलेला नव्हता. शेवटचं ठिकाण लक्षात ठेवत असेल म्हणून ती सोय बंद केली. फरक पडला नाही. जोड काढून पुन्हा बसवली, तरी तेच. आणि एडिटरच्या बाहेरून शोधलं, तर असा फोल्डर डिस्कवर नव्हताच.

कॉम्प्युटर आम्हाला शमशेरभाईंनी जोडून दिला होता. ते कोपरगावहून आले. माझ्या फायली त्यांनी आपल्या मशीनवर नेऊन पाहिल्या. तिथे पट्टी सरळ वागली. मग ते कोरी डिस्क घेऊन आले, सगळं पहिल्यापासून बसवलं. मी फाईल उघडली. पट्टी हलली आणि 'नंतर'वर थांबली.

"वहिनी, ही डिस्क मी आज सकाळी खोक्यातून काढलीय," एवढंच ते म्हणाले. चहा अर्धा ठेवून गेले.

त्या फोल्डरात एकच फाईल होती. ती फक्त पट्टीतूनच उघडायची. दुसऱ्या दिवशी मी ती उघडली.

माझाच प्रोग्राम होता. ओळी मी सोडते तशाच सोडलेल्या, नावं मी देते तशीच दिलेली. फक्त माझ्यापुढे गेलेला. तारखांचं जे मला सुटत नव्हतं, ते तिथे सुटलं होतं. चालवून पाहिलं, बरोबर होतं. मी ते उतरवून घेतलं.

वाचनालय सांभाळणाऱ्या मुक्ताबाईंनी तारीख जानेवारीवर नेऊन दहादा तपासलं. "लई बेस झालं, पोरी," म्हणाल्या.

घाबरायला हवं होतं. पण त्या फायलीतलं सगळं इतकं ओळखीचं होतं, की भीती वाटली नाही. मी पट्टी दुरुस्त करायचं सोडून दिलं. कुठे अडलं की तिकडेच जाऊ लागले.

एका रविवारी चेतन शेजारी येऊन बसला, तेव्हा मी त्याला हसतहसत सगळं दाखवलं. त्याने फाईल शेवटपर्यंत न्यायला सांगितली. इतक्या खाली मी कधी गेलेच नव्हते.

तळाशी रोमन अक्षरांत लिहिलेली मराठी टीप होती. त्यात माझं नाव Dipa असं, एकाच आयने लिहिलेलं. मी दोन ई लावते, Deepa. एक आय फक्त चेतन लावतो.

"हे तू लिहिलंस?"

"मला कुठे प्रोग्राम लिहिता येतो, दीपा."

टीप एवढीच होती.

'हे सगळं मी उशिरा शिकलो. पण मांडणी दीपाचीच ठेवली आहे. तिला अशीच आवडायची.'

चेतनने ते मोठ्याने वाचलं. हळू, एकेक शब्द. शेवटचा शब्द मात्र त्याने 'आवडते' असा वाचला.